पेव उघडण्याआधी

मगदूमांच्या अडतीवर तीन कॉम्प्युटर,
तिघांच्या तीन तऱ्हा.
काट्याशेजारचा डेबियनवर,
हिशेबाचा फेडोरावर,
आणि पोत्यांमागचा आर्चवर,
शीतलनं पुण्याला जाण्याआधी हौसेनं बसवलेला,
त्यानंतर कुणी हात न लावलेला.

सकाळी हळदीचे सौदे.
पावती तिघांनाही छापता यायला हवी.
प्रिंटर एकच, त्याला लागणारी लायब्ररी एकच,
तिचं नाव मात्र प्रत्येक घरी वेगळं:
डेबियनमध्ये नावामागे 'डेव्ह',
फेडोरात 'डेव्हेल',
आर्चमध्ये मागे कुणीच नाही.

बाबालाल चहा घेऊन आला, अक्षरं लावत वाचलं त्यानं:
"देव? ह्यात कशाला देव?"

पॉलिटेक्निकात सरांनी आम्हाला स्लॅकवेअर दिलं होतं.
कोण कुणावर अवलंबून
ते तुमचं तुम्ही ध्यानात ठेवायचं.
एकाला हाक मारावी
तर तो दुसऱ्यासाठी अडलेला,
दुसरा तिसऱ्यासाठी,
आणि तिसरा, रात्री दोनला कळायचं,
पहिल्यासाठी.

डेबियन निमूट झालं. फेडोरा थोडं रेंगाळून.
आर्च अडलं.
आठ महिन्यांत एकही अपडेट नाही,
किल्ल्यांचा जुडगा शिळा,
नव्या सह्या ओळखू येईनात.
मी घाई केली, म्हटलं,
तेवढी एकच लायब्ररी नवी घेऊ, बाकी राहू दे.

बाबालाल पोत्यावर बसला होता.
"हरिपुरात पेव उघडायचं म्हंजे," तो म्हणाला,
"आदी दोरीनं कंदील सोडायचा.
इझला तर आत हवा न्हाई.
मानूस सोडायचा न्हाई मग,
शेट कितीबी वरडू दे."

माझं बोट एंटरवर होतं.
मी ते उचललं.
जुडगा आधी ताजा केला,
मग सगळी यादी वरपासून वाचली,
काय येणार, काय जाणार, कुणाच्या जागी कोण.
सहाशे बारा नावं.
चहावर साय धरली.

वाचता वाचता विचारलं, हळद किती टिकायची पेवात?
"धा वर्सं ठेवा. रंग हलायचा न्हाई."
आणि आता?
"पुराचं पानी शिरलं. बुजीवली.
आता समदं कोल्ड स्टोरेजला.
तितं बटन हाय."

पहाटे तीनला पावती निघाली,
तारीख चुकीची, पण निघाली.
आर्चला मी शेवटचं विचारलं, अनाथ किती?
एकोणीस नावं आली.
कधीकाळी कुणाच्या तरी कामासाठी आणलेली,
ते काम गेलं, ही राहिली.
काढायचा हुकूम दिला तर तरीही थांबलं ते,
होय की नाही, म्हणून.

"काय म्हंतंय?" बाबालाल.
म्हटलं, ज्यांची आता कुणाला गरज नाही
ती काढू का, विचारतंय.

त्यानं कप गोळा केले,
दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या.

"इचारतंय तरी."