बासष्ट टक्के

रेज्जोहून डोंगराकडे जाणाऱ्या शेवटच्या बसमध्ये
माझ्या शेजारची जागा रिकामीच राहते बहुतेक.
अंगाला बर्गमोटचा वास येतो,
त्याच्याखाली स्पिरिटचा.

लिंबू म्हणावं तर नाही, संत्रं म्हणावं तर नाही,
चाखायला जावं तर तोंड वाकडं.
सगळी करामत सालीत.
माझा बाप, साव्हेरिओ क्वात्रोने,
कितीतरी हिवाळे ती साल स्पंजावर पिळत आला:
मनगटाला एक हिसका, मग अर्धा,
खाली मातीच्या भांड्यात हिरवं तेल.
यंत्रं आली तेव्हा म्हणाला, यंत्राला मनगट नसतं.
एवढंच.
दुसऱ्या दिवशी यंत्रावर कामाला लागला.

मी तेच तेल थेंबाच्याही हजाराव्या भागात मोजते.
शहाण्णव खळग्यांची ताटली,
खळग्यांत कर्करोगाच्या पेशी
कुणा एका माणसाच्या, जो माझ्या जन्माआधीच गेला.
तो गेला, त्या राहिल्या,
सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात,
मरायचं विसरून.
दर मंगळवारी मीच त्यांना जेवू घालते,
गुरुवारी मीच मारते.

शेवटच्या रांगेला तेल द्यायचं नसतं.
काहीच न दिलेलं कुणीतरी लागतं,
नाहीतर दिल्याचा हिशेब जुळत नाही.

या खेपेला बासष्ट टक्के मेल्या.
आमच्या बाई खूश.
लिमोनीन, लिनालूल, फळ्यावर नावं, बाण, वर्तुळं,
आणि खाली जाड अक्षरात: काचेत. फक्त काचेत.
शेजारच्या ताटलीतल्या निरोगी पेशीही मेल्या होत्या,
शंभरात एकोणतीस.
तो आकडा मी लिहिला. खोडला नाही.

गावात बातमी माझ्या आधी पोचलेली.
मेलिना दारातच उभी, हातात बाटली:
पाज त्याला, तुमच्याच शाळेत सिद्ध झालंय ना?
मी बाटली काढून घेतली.
घसा पोळेल, आतडी पोळतील, मावशी,
गाठीला पत्तासुद्धा लागायचा नाही.
ती म्हणाली, शिकलीस आणि कोरडी झालीस.

बापानं विचारलं, किती?
बासष्ट.
शंभरातल्या?
हो.
मग त्या अडतीस?

मी त्याचं ओकारीचं पातेलं धुवायला घेतलं.
ते आधीच धुतलेलं होतं.

रात्री सिरोको सुटला, खिडक्या वाजायला लागल्या,
तेव्हा रुमालाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकला,
धरला त्याच्या नाकापासून वीतभर लांब.
मळमळ थांबली की नाही, मोजलं नाही.
माझ्या कुठल्याच ताटलीत ही रांग नव्हती.

त्यानं डोळे मिटून वास घेतला,
पुन्हा घेतला, कपाळाला आठी पडली.
दहा दिवस आधी तोडलीत, म्हणाला,
कुणाचा बाग आहे?
घाई केली मूर्खांनी.