रसग्रहण

साखर पेठेतली रात्रशाळा, दहावीचा वर्ग.
कृतिपत्रिकेत न बसणारा प्रश्न पोरांनीच आणला:
मॅडम, हे गाणं समजावून सांगा ना.
मोबाइल बाकावर उताणा, आवाज पूर्ण.
आधी ड्रम, मग गिटार,
मग गिटारच्या वरताण ओरडणारा एक गळा,
ओळखीचा.

अंबादास कोंड्याल. दोन हजार नऊची बॅच.
शेवटून दुसरा बाक, भुवयांवर कापसाचं तूस.
रसग्रहणात चारपैकी एक गुण दिला होता मी त्याला
आणि लाल शाईत शेरा: अर्थ सोडून भटकतो.
आता तो, मुबीन आणि इरण्णा
पुण्या-बंगळुरात वाजवतात. तिकिटं काढून लोक येतात.
बँडचं नाव तिसरी पाळी.

मी फळ्यावर लिहिलं:

    धोटा पळतो, आम्ही पळतो
    या टोकाचे त्या टोका

खडू हातात आला की मला अर्थ सुचतातच.
धोटा म्हणजे यश, म्हटलं, प्रतीक आहे,
सतत धावतं, पण चौकटीबाहेर जात नाही.
लिहून घ्या.
लक्ष्मीपती उठला. दिवसा तो चार माग सांभाळतो.
धोटा पळत नाही मॅडम. फेकतात त्याला.
इकडून दांडी हाणती, तिकडं दुसरी दांडी
वाटच बघत असती.
कुणी लिहून घेतलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

    वीस हजार हात वर
    एकातही कांडी नाही

गर्व, मी म्हटलं. गाव विसरल्याचा गर्व.
लावण्या चिप्पा हळूच म्हणाली, तसं नसंल,
त्याला नवल वाटलं असंल.
एवढे रिकामे हात आपल्याकडं कुठं बघाय मिळतात?

मग गाणं मध्येच चार ठोके गप्प होतं.
हा शोक, मी म्हटलं (अजून सुधारले नव्हते),
कुणीतरी चौथा मागे राहिला असावा.
बाणा तुटला असंल, लक्ष्मीपती बोलला.
मी खुशीत स्वाभिमान असं लिहूही लागले.
तसा बाणा नव्हं मॅडम. आडवा धागा.
तुटला की माग आपोआप बंद पडतो.
गाठ मारायची, परत चालू करायचा. बास.
आणि खरंच, चार ठोक्यांनंतर
गाणं गाठ मारल्यासारखं पुढे निघालं.

राहिलं ध्रुवपद. हजारो माणसं एका गळ्यानं ओरडतात ते:

    पोदाम पद, पोदाम पद

इथं मात्र मी तयारीची होते.
पद म्हणजे पाऊल. पद म्हणजे अधिकार, खुर्ची.
पद म्हणजे ओवीसारखं गायचं तेही.
शेडमधून स्टेजपर्यंतचा सगळा चढ एका शब्दात,
बघा, श्लेष आहे.
पहिला शब्द कवीनं नादासाठी घेतला असावा.
लावण्या ओढणीत तोंड खुपसून हसत होती.
लक्ष्मीपती खिडकीबाहेर बघत होता,
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

साडेनऊला फाटकाशी टीव्हीएस थांबली.
डबा हँडलला, एक पाय जमिनीवर,
लावण्याचे वडील दुसरी पाळी संपवून आलेले.
त्यांनी हॉर्न वाजवला नाही. नुसती हाक दिली:
लावण्याऽ, पोदाम पद!

ती दप्तर उचलून दारापर्यंत गेली.
म्हणजे काय गं, मी विचारलं.
चल, जाऊ या. दुसरं काय, मॅडम.

एकोणीस वर्षं मी या पेठेत शिकवते.
ही हाक रोज रात्री फाटकातून येते,
आणि रोज मी खिडकी लावून घेते,
व्याकरण चालू असतं म्हणून.

अंबादासची उत्तरपत्रिका रद्दीत जाऊन जमाना झाला.
त्याला पत्र लिहायचं तर कुठल्या पत्त्यावर,
आणि लिहायचं काय, की तीन गुण माझ्याकडे राहिलेत?

वर्ग रिकामा झाला. पंखा फिरत राहिला.
फळ्यावर पाऊल, अधिकार, गाणं तसंच ठेवलं
आणि खाली चौथा अर्थ लिहिला.
अक्षर जरा वाकडं आलं.