गुणक्रमांक चारशे बारा

पर्वरीच्या त्या सभागृहात पंखे फिरत होते,
पण वारा पहिल्या तीन रांगांपुरताच.
आईच्या मांडीवर सोनाराच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी,
तिच्यात मी: जन्मदाखला, बारावीचे गुण,
पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा मामलेदाराचा कागद
(जसं काही मी म्हार्दोळ सोडून कुठे गेलेच होते)
आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स.

पडद्यावर आकडे उतरत होते.
कॉम्प्युटर: नऊ. कॉम्प्युटर: सहा.
आई जायांच्या कळ्या मोजते तशी ओठांत मोजत होती,
चार-चार करून,
आणि दर वेळी एक कमी भरायची.

कॉम्प्युटर: एक.
तेव्हा माझ्या पुढे दोघं.
चारशे दहा आलाच नाही. तीनदा पुकारलं.
चारशे अकरा, आग्नेलो की कोण, कुडचड्याचा,
बापाला न विचारता उठला
आणि शून्य करून परत आला.
जाता जाता माझ्याकडे बघून "सॉरी हां" म्हणाला.
राग यायला हवा होता.
त्याचे बूट नवे होते, चावत होते त्याला.

"सुलक्षा मडकईकर. कितें जाय गो?"
चष्म्यावरून बघणारी बाई. दोन मिनिटं.
मेकॅनिकल, सिव्हिल,
इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, फर्मागुडी.
"तें कितें?" आईने विचारलं. बाईंना नव्हे, मला.

दोन मिनिटांत काय सांगू?
बाबा तारवटी. रात्री अकराला
कुठल्यातरी समुद्रातून फोन येतो.
आपण हॅलो म्हणतो, मग काहीच नसतं,
म्हणून पुन्हा हॅलो म्हणतो,
तोवर त्यांचं पहिलं हॅलो
आपल्या दुसऱ्यावर येऊन आपटतं.
दोन्हीकडे थांबणं. दोन्हीकडे "बोल, बोल."
अशी अकरा वर्षं.

"ते मधलं, आई.
बाबा बोलायच्या आधी जे गप्प असतं ना, ते शिकवतात."
खरं की खोटं, मला तरी कुठे ठाऊक होतं.
फिजिक्सच्या सरांनी कधीतरी सांगितलेलं
छत्तीस हजार किलोमीटर वर, तेवढेच खाली,
तेही भरीला घातलं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.
"एवढो चढ चढून येता उतर," आई म्हणाली,
"आनी आमी विचारतात, जेवण जालें?"
मग पिशवी माझ्याकडे सरकवली. "घे."

पावती, शिक्का, एक सही चुकली म्हणून दुसरा फॉर्म.
पणजीच्या स्टँडवर पातळ भाजी आणि पाव.
कदंबाच्या गाडीत खिडकी मिळाली ती आईला.
म्हार्दोळ आलं, कंडक्टर दोनदा ओरडला,
मी उठले, ती उठली नाही.
चिल्लर मोजून पुढे केली: "फर्मागुडी, दोन."

फाटक बंद. रखवालदार रेडिओला कान लावून.
आई काही विचारायला गेली नाही.
रस्त्याच्या पलीकडे उभी राहून
कॉलेजच्या छपरावर काहीतरी शोधत राहिली,
पदर डोळ्यांवर धरून,
उन्हात तार सापडेना तशी.
मग म्हणाली, "चल, जायो फुगतील,"
आणि उताराने चालत घरी आलो. चप्पल माझीच तुटली.

रात्री अकरा.
"बाबा, मिळाली. ई अँड टीसी."
आणि मग ते आलं, नेहमीचं, रिकामं.
या वेळी मी दुसऱ्यांदा हॅलो म्हटलं नाही.
आईच्या बोटांत केळीचा दोर, गाठ अर्धी बांधलेली.
वर चढत असेल. उतरत असेल.
जहाजाच्या कुठल्या जिन्यात उभे असतील ते.

"कॉम्प्युटर मेळूंक ना?"

आईने माझ्या हातून फोन घेतला.