दोन शब्बाथ

नोव्हेंबरात सूर्य गेला तो
उधारी बुडवून गाव सोडणाऱ्यासारखा,
मागे वळूनसुद्धा न बघता.
लापतेव समुद्राच्या काठी, मासळीच्या कारखान्यामागे
फळ्यांची एक बराक, आत अठ्ठावीस माणसं,
त्यांत झेलिक, विल्कोमिरचा घड्याळजी,
ज्याचं घड्याळ पहारेकऱ्यानं
वाटेतच काढून घेतलं होतं.

मी पेशे. नऊ वर्षांची.
मला वाटे, घड्याळजी म्हटल्यावर
खिशात नसली तरी
वेळ त्याच्यापाशी कुठेतरी असणारच.

सकाळची प्रार्थना सकाळी करायची.
पण सकाळ कुठली?
पहिल्या पाळीचा भोंगा झाला की झेलिक उठायचा.
यरुशलेम कुठल्या दिशेला, यावरही भांडण झालेलं,
शेवटी सगळे स्टोव्हकडे तोंड करत.
'धन्य तू, प्रकाश घडवणारा, काळोख निर्माण करणारा...'
आई पुटपुटली, 'प्रकाश? दाखव.'
लेझर खाटीक खोकत खोकत हसला,
'फ्रुमे, निम्मं तर त्यानं दिलंय.
उरलेल्या निम्म्याचा तगादा
आपण नाही तर कोण लावणार?'

मग वादळ आलं.
दार उघडेना. भोंगा मुका झाला.
एकमेकांना बिलगून आम्ही झोपलो, जागे झालो, झोपलो,
बर्फ वितळवून प्यायलो.
दोघं गेले, त्यांना दाराशी निजवलं.
भोंगा पुन्हा वाजला तेव्हा
झेलिक म्हणाला, तीन दिवस गेले.
लेझर म्हणाला, पाच.
माशाच्या तेलाची एवढीशी वात मध्ये ठेवून
दोघं भांडले, जणू बाजारात
वजनकाट्यावरून भांडताहेत.
कोणी माघार घेतली नाही.

तेव्हापासून बराकीत दोन शब्बाथ.
लेझरचा, झेलिकच्या हिशेबानं गुरुवारी,
झेलिकचा, लेझरच्या हिशेबानं सोमवारी.
एकानं सुई खाली ठेवली
की दुसरा त्याच्या वाट्याची जाळी विणायचा,
कारण त्याच्यासाठी तो साधा कामाचा दिवस,
आणि विणता विणता पुटपुटायचा: गाढव!

जानेवारीत लेझरचे दात हलायला लागले,
मग पाय काळे पडले.
कद्दिश म्हणायला दहा पुरुष हवेत, होते सात.
झेलिकनं स्टोव्हकडे बघितलं, मग दाराकडे, जिथे मेलेले होते,
आणि म्हणायला सुरुवात केली.

त्या आठवड्यात झेलिकनं सुई दोनदा खाली ठेवली.
बायका ओरडल्या, 'पाव निम्मा होईल तुझा!
आता तरी एकच दिवस पाळ.'
तो म्हणाला, 'जिवंत माणसाशी वाद घालता येतो.
मेलेल्याला खोटं कसं ठरवू?'
मग लेझरच्या दिवशी त्याची जाळी मी विणायला लागले,
लहान होते, आज्ञा अजून माझ्या अंगावर आल्या नव्हत्या.
माझ्या गाठी सैल पडायच्या.
त्यातून किती मासे सुटले, देव जाणे.

फेब्रुवारीत क्षितिजावर तांबूस रेघ दिसली,
आणि कुत्र्यांच्या घसरगाडीवर मीठ आलं,
वर्तमानपत्रात बांधलेलं.
घसरगाडीवाला म्हणाला, काल सकाळचा कागद आहे.
घड्याळाचं मागचं झाकण उघडून आत बघावं
तसं झेलिक तारखेकडे बघत राहिला.
चार दिवस गेले होते. तीन नाही, पाच नाही.
लेझरचा शब्बाथ शुक्रवारी पडत होता, झेलिकचा रविवारी,
आणि मधल्या, खऱ्या दिवशी
आम्ही सगळे जाळी विणत होतो.

तो हसेल असं वाटलं, किंवा रडेल.
तो म्हणाला, 'म्हणजे आज शुक्रवार.
पेशे, वात वळ.'

आता मी बात याममध्ये, चौथ्या मजल्यावर.
गुरुवारी संध्याकाळी विणकाम टोपलीत टाकते
ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काढत नाही.
रविवारीही नाही. खाली बसचे भोंगे,
सगळं शहर कामावर निघालेलं,
नात विचारते, 'सुट्टी कसली गं?'
खऱ्या शब्बाथला मात्र मी कधीकधी
टीव्ही लावून बसते. हे झेलिकला सांगू नका.

आणि पहाटे, पडद्याच्या फटीतून
उजेड आत येतो तेव्हा
मला अजून ओशाळल्यासारखं होतं,
कुणी मुकाट्यानं दारात येऊन
जुने पैसे हातावर ठेवून जावेत, तसं.
मी मोजून घेते.
निम्मेच असतात.