पूर्वसूचनेशिवाय

विक्रोळीच्या ऑफिसात नऊला एसी बंद होतो,
न सांगता.
खाडीकडची खिडकी उघडत नाही.
मी नियम लिहीत बसले आहे:
मेन सोडून कुठल्याही फंक्शनने
मधूनच एक्झिट म्हटलं
तर ती ओळ पिवळी करावी.

एक्झिट मागे वळून बघत नाही.
उघडलेली फाइल उघडी, घेतलेलं कुलूप घेतलेलं,
‘जाताना करू’ म्हणून ठेवलेली कामं
तशीच.

कोडच्या झाडावर चढायचं, फांदी फांदी विचारत:
तू हाक कुणाला मारतेस?
काहीजण आधी नोंद लिहितात आणि मग मरतात,
तेही धरायचे.
टोपणनावाने मरणारेसुद्धा.

ग्लेनने रिव्ह्यूत विचारलं, इतकं कडक कशाला?
बिघडलंय तर मरू दे की.
मी उत्तर दिलं: मरू दे,
पण ज्याने बोलावलं त्याच्या हातात एरर देऊन.
पुढचं त्याला ठरवू दे.

हे नाही लिहिलं, की
बाबा प्रभादेवीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते.
एका मंगळवारी गेटला साखळी,
साखळीवर कागद:
‘कारखाना पुर्वसूचनेशिवाय बंद करण्यात येत आहे.’
चष्मा आत, टेबलाच्या खणात.
एकशेबारा पानांपर्यंत तपासलेलं कुणाचं तरी पुस्तकही आत.
बाबांनी डोळे बारीक केले,
खिशातलं पेन काढलं
आणि ‘पु’चा ‘पू’ केला.
मग घरी आले.

नियम चालवला. एक्केचाळीस जागा पिवळ्या.
अडतिसावी माझीच,
तीन वर्षांपूर्वीची, शुक्रवार, रात्री पावणेबारा.
घाई कसली होती, आठवत नाही.
दुरुस्त केली. चाळीस उरल्या, त्या ज्याच्या त्याने बघाव्या.

आता फक्त संदेश लिहायचा राहिलाय,
पिवळ्या ओळीखाली दिसणारा.
‘अवैध समाप्ती’ लिहिलं, खोडलं.
‘एरर परत करा’ बरोबर आहे, पण कोरडं.
आमच्या घरी ‘जाते’ म्हटलं की आई दारातून परत बोलवायची,
‘येते’ म्हणायला लावायची,
मग चप्पल.
ते दोन शब्दांत बसेना. कोरडंच ठेवलं.

खाली मिश्राजींनी रजिस्टर पुढे केलं.
नाव, वेळ दहा चाळीस.
शेवटच्या रकान्यावर छापलंय ‘स्वाक्षरि’.
पेन हातात होतंच.