फिंजानभर

सालमियात, समुद्राला पाठ करून उभ्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर माझी खोली.
वजनकाटा, प्लास्टिकची केळी, एक रबरी मासा,
आणि बिनकानाचं एक फिंजान, तळाशी कॉफीचा जुना डाग.
ऑपरेशनआधी मी ते पेशंटपुढे ठेवते.
म्हणते, इथून पुढे एका वेळी एवढंच.
काहीजण हसतात.
मुनीरा रडली होती. तिची आई कुरकुरली,
पाहुण्यालासुद्धा आम्ही तीनदा भरून देतो.

इकबाल मुकादम हसला नाही, रडला नाही.
बाणकोटचा, वजन एकशे एकोणपन्नास,
फहाहीलच्या मेसमध्ये अठरा वर्षं आचारी.
"बाय, पोटासाठी आलो हितं,
आता पोटच कापून ठेवायचं म्हंजे..."
पुढचं बोलला नाही. फिंजान उचलून आत बघितलं,
पातेल्याचा तळ बघावा तसं.

मी नेहमीचं सांगितलं.
दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं, आधी तीच, भात नंतर.
घास पीठ होईस्तोवर चावायचा.
जेवताना पाणी नाही.
लोहाच्या गोळीची आणि चहाची गाठ पडू द्यायची नाही.
आणि गोळ्या किती दिवस?
जन्मभर.
"इकामापन दोन वर्साचा असतो, बाय."

पुरावा काय, शिकलेले विचारतात.
आहे. कुठे भक्कम,
कुठे जुन्या चादरीसारखा, उजेडात धरला की आरपार दिसणारा.
रोजा कधीपासून धरावा, हे विचारलं
की मी सावध बोलते, कारण सावधपणाच आहे हाताशी.
आणि तक्त्यांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
दोन वर्षांनंतर निम्मे लोक संपर्कात नव्हते.
मग सरासरी निघते ती उरलेल्यांची.
जे जिना चढून आले त्यांची.

इकबाल आला नाही.
दुसऱ्या आठवड्याला नाही, सहाव्याला नाही.
मी रकान्यात रेघ मारली आणि पुढचं नाव हाक मारून बोलावलं.

अकराव्या आठवड्यात त्याला धरून आणलं दोघांनी.
महिनाभर उलट्या. कुणाला सांगितलं नव्हतं.
दोनशे माणसांचा रस्सा चाखायचा
आणि मागच्या दाराला जाऊन थुंकायचा;
ज्याच्या जिभेला काही टिकत नाही
असा आचारी कोण ठेवील?
पाय कापसावर पडताहेत म्हणाला.
डोळे एका जागी ठरत नव्हते.
नर्स ग्लुकोज लावत होती
आणि मी ओरडले, आधी बी-वन, आधी बी-वन!
इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं.
एवढं मात्र आम्हाला पक्कं माहीत आहे.

नंतर, सलाईन संथ झाल्यावर, मी त्याला समजावलं
काय संपलं होतं त्याच्या अंगातलं.
म्हटलं, तुमच्याकडच्या उकड्या तांदळात असतं ते,
पांढऱ्या पॉलिशच्या तांदळात राहत नाही.
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"आयुष्यभर पोटाला चिमटा काढून घर उभं केलं," म्हणाला,
"चिमटा कळायचा तरी. ह्ये कळलंच नाय."

आता दर गुरुवारी, दवाखाना रिकामा झाला
की मी रेघा मारलेल्यांना फोन लावते.
बाहेर धुळीनं खाडी दिसत नसते.
कुणी गावी गेलं. कुणाचा नंबर बंद,
आधी अरबीत बंद, मग इंग्रजीत बंद.
एक बाई चिडली: केस गळताहेत एवढंच, वजन तर उतरलंय ना?
मी तिला सोमवारी रक्त तपासायला बोलावलं.
जे लागत नाहीत त्यांच्यापुढे तारीख लिहिते.
रेघ आता मारत नाही.

परवा इकबाल आला, काठी टेकत.
डाव्या पायाची तीन बोटं अजून त्याची नाहीत.
टोपणाच्या डब्यात उकड्या तांदळाची पेज,
नीट मोजून, म्हणाला, फिंजानभर.
माझ्यासाठी होती.
मीठ बरोबर होतं.
त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं ते,
आणि तो पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसला.