गोषवारा

प्रारूप प्रभाग रचना फळ्यावर चिकटवली,
खळ अजून ओली होती
तोवर पहिली हरकत आलीसुद्धा.
मग सतरा आल्या.
माझं काम एवढंच:
प्रत्येक हरकतीचा गोषवारा लिहायचा
रकाना क्रमांक चारमध्ये, एका ओळीत.
रकाना अडीच इंच रुंद.

सुनावणीला तहसीलचा हॉल भरला.
पंखा एकच, तोही साहेबांच्या डोक्यावर.
इच्छुक आले, इच्छुकांचे मेहुणे आले.
दागडिया वकिलांनी नकाशावर बोट टेकवलं:
ही रेघ नाल्यावरून जायची,
ती बागवान गल्लीत कशी शिरली?
मुनवरभाई म्हणाले, रेघेलाच विचारा, वकीलसाहेब.
हॉल हसला. साहेबही, थोडेसे.
कुणाची दीडशे मतं उत्तरेला गेली होती,
कुणाची भावकी मधोमध चिरली होती.
चतुःसीमेत मी लिहून बसलेलो,
‘पूर्वेस: कुऱ्यांचे लिंबाचे झाड’,
आणि लिंब तर गेल्या उन्हाळ्यातच तोडलेला.
जुन्या कागदावरून उतरवलं होतं.
कान तापले माझे.

हरकत बारावी. वहीचा फाडलेला कागद, दुरेघी.
सोजराबाई घनघाव.
वय आधारवर अडुसष्ट.
“बहात्तरच्या दुष्काळात दोन लेकरं हुती माझ्या काखंला,
करा तुमीच हिशेब.”
त्यांचं केंद्र शाळेत होतं, दारातून दिसायची शाळा.
आता खोली धोकादायक ठरली,
म्हणून केंद्र रुळांपलीकडे, जिनिंगच्या गोदामात.
साहेब म्हणाले, अंतर?
मी नकाशावर पट्टी लावली.
अकराशे मीटर, सर. निकषात बसतं.

“मीटर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी,” त्या म्हणाल्या,
“माझे तीन इसावे हुतेत.
पयला पारापशी. पारावर न्हाई,
खालच्या दगडावर.”
हॉलमध्ये कुणीतरी खोकललं.
“दुसरा चक्कीम्होरं.
तिसऱ्याला जागाच न्हाई, रूळ हायेत,
तिथं उभ्यानंच दम खायाचा.”

साहेब चांगले आहेत.
म्हणाले, आजी, त्या दिवशी रिक्षाची सोय होईल.
“हुईल की. कामून न्हाई हुनार?
पर रिक्षा कोनाची आली, ते समदं गाव बघतंय.
शाळंत मी माझ्या पायानं जाते, एकटी.
मत कोनाला टाकलं
ते माझ्या सुनंलाबी ठाव नसतंय.”

दागडिया वकील मोबाईल बघत होते.
तेराव्या हरकतीचा पुकारा झाला.

मी रकाना चार भरला:
‘मतदान केंद्राचे अंतर जास्त असलेबाबत.’
रकाना पाच साहेबांचा:
‘अमान्य. अंतर निकषात.’
दोन्ही ओळी खऱ्या होत्या.
दोन्ही रकान्यांत मावल्या.

रविवारी मी गाडी चावडीपाशी लावली
आणि शाळेपासून पायी निघालो.
स्थळपाहणी म्हणा; तसा आदेश काही नव्हता.
ऊन चढलेलं. वय माझं छत्तीस.
चक्की बंद होती, पण पिठाचा वास होता.
रुळांवर मालगाडी उभी, सिग्नल मिळेपर्यंत
वीस मिनिटं मीही उभा, उभ्यानंच.
गोदामाच्या दारावर कुलूप. आत सरकीचा वास.
परत फिरलो.

पारापाशी येईतो घसा कोरडा पडला.
खाली दगड होता.
बसलो.
पाठीशी पाराची भिंत, माझ्या खांद्याएवढी.
दगड मधोमध खोलगट, गुळगुळीत,
एका माणसाच्या बसण्यानं इतका झिजत नाही.
वरून कुणीतरी हाक मारली:
साहेब, वर बसा की. सावली हाय.
खाली कशापायी बसलाव?

काय सांगणार?
बसून राहिलो तसाच थोडा वेळ.
अंतिम यादी सोमवारी बाराच्या आत
जिल्ह्याला पाठवायची होती,
आणि रकाना क्रमांक सहा, ‘शेरा’,
अजून कोराच होता.